ब्रीदरचा धूर आणि घाईचं निदान

कपिला नदीकाठच्या सरगूरकडच्या शेतांत ट्रॅक्टर असो की पंपाचं डिझेल इंजिन, ब्रीदरच्या नळीतून वाफ दिसली की ‘रिंगा गेल्या, इंजिन खोला’ असा सल्ला मिळतो. जरा थांबा. पिस्टनच्या रिंगांमधून दाबाची थोडी हवा ठणठणीत इंजिनातही खाली निसटते आणि तेलाचे बारीक कण घेऊन ब्रीदरवाटे बाहेर पडते. प्रश्न तिच्या प्रमाणाचा आहे.

आधी डिपस्टिक पाहा. तेल जादा भरलं असेल तर क्रँक ते घुसळतो आणि वाफ वाढते. थंडीतल्या सकाळी पांढरी वाफ येऊन इंजिन तापल्यावर विरली, तर ते बहुधा पाणी.

मग इंजिन चांगलं तापवून, आयडलवर ठेवून, तेल भरायचं झाकण उलटं करून तोंडावर नुसतं ठेवा. किंचित थरथरलं तर ठीक. उडून पडलं तर दाब जास्त आहे. (एका सिलिंडरच्या इंजिनात मात्र पिस्टनच्या वरखाली होण्यानेच झाकण नाचतं, तिथे ही चाचणी फसवी.) टर्बोचं सील किंवा ब्रेकचा व्हॅक्युम पंप गळत असला तरी हेच दिसतं, आणि हे दोन्ही मला रिंगांइतकेच संशयित वाटतात. नेमकं कळायला कॉम्प्रेशन मोजावंच लागतं.

वाफ अजिबात नाही, पण ऑइल सीलमधून तेल पाझरतंय? मग बहुधा ब्रीदरच तुंबलाय. डिझेलने धुवा, वाळवा, बसवा. नळीला बूच मात्र कधी मारू नका.