अनावश्यक चाचण्या आणि तरुण डॉक्टरांचे शिक्षण

वैद्यकीय चाचणीचे मोल केवळ तिच्या अचूकपणावरून ठरत नाही. ती कोणत्या रुग्णाची केली, यावरही ते अवलंबून असते. हे तत्त्व विद्यार्थिदशेतच मनावर ठसले नाही, तर निदानाचे साधनच चुकीच्या निदानास कारण होते.

उदाहरणार्थ, अंधेरी वा घाटकोपर येथील एखाद्या दवाखान्यात खोकल्याचे १,००० रुग्ण आले व त्यांपैकी ५० जणांना क्षयरोग आहे, असे मानावे. वापरावयाची चाचणी रोगी व निरोगी या दोहोंच्या बाबतीत शंभरात नव्वद वेळा बरोबर ठरते. ती ५० पैकी ४५ रोगी शोधील. परंतु उरलेल्या ९५० पैकी ९५ जणांनाही रोगी ठरवील. म्हणजे रोगी ठरलेल्या १४० जणांत खरे रोगी अवघे ४५. बाकीच्या ९५ जणांच्या वाट्यास सहा महिन्यांची औषधे आणि यकृतास इजा होण्याचा धोका विनाकारण येईल.

हा धोका केवळ कागदावरचा नव्हे. क्षयरोगासाठी रक्तातील प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचण्या भारतातील खाजगी प्रयोगशाळांत सर्रास होत असत. त्या विश्वसनीय नसल्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्यांविरुद्ध सल्ला दिला आणि २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांवर बंदी घातली. उपचारांतही असाच गोंधळ आढळतो. मुंबईतील धारावी भागातील खाजगी डॉक्टरांची एक पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तीत १०६ डॉक्टरांनी क्षयरोगावर ६३ निरनिराळ्या औषधयोजना लिहिल्या. बिनचूक योजना लिहिणारे केवळ ६ होते.

बंदीने एखादी चाचणी थांबते. विवेकाची सवय मात्र शिक्षणानेच लागते. २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती व संवाद या विषयांचा समावेश झाला आहे. उपनगरांत विलेपार्ले येथील कूपर रुग्णालयाशी निगडित वैद्यकीय महाविद्यालय २०१५ पासून चालू आहे. अशा ठिकाणी रुग्णशय्येजवळच हा पाठ देता येतो. चाचणीची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी विद्यार्थ्याने तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत: या रुग्णास हा रोग असण्याचा संभव किती? चाचणीच्या निष्कर्षाने उपचार बदलेल काय? काही दिवस थांबल्यास अपाय होईल काय?

अर्थात, चाचणी टाळणे हे स्वतः ध्येय नव्हे. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असलेल्या रुग्णाची थुंकी न तपासणे हाही तितकाच गंभीर दोष होय. अनावश्यक ते वगळण्याचे शिक्षण म्हणजे आवश्यक ते ओळखण्याचेच शिक्षण.