एकाच फूटपट्टीने मोजलेली गाठ

१०४ गाठी आणि १८ टक्के. कर्करोगाच्या संशोधनाला सामायिक पॅथॉलॉजी प्रयोगशाळा कशासाठी लागते, हे समजून घ्यायला मी नेहमी याच दोन आकड्यांपासून सुरुवात करते.

अमेरिकेत २००० साली ‘एनएसएबीपी बी-३१’ ही स्तनाच्या कर्करोगावरची औषधचाचणी सुरू झाली. औषध होतं ट्रास्टुझुमॅब. ते हर-२ नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतं, म्हणून हे प्रथिन जास्त असलेल्याच गाठी हव्या होत्या. स्तनाच्या कर्करोगात अशा गाठी साधारण १५ ते २० टक्के. ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांनी आपापल्या रुग्णांची तपासणी करून ‘पॉझिटिव्ह’ असा अहवाल दिला आणि त्यावर स्त्रियांना चाचणीत घेतलं गेलं. पुढे पहिल्या १०४ गाठी एका मध्यवर्ती प्रयोगशाळेत पुन्हा तपासल्या, तेव्हा १८ टक्के निकाल टिकले नाहीत. हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच सुमाराच्या ‘एन-९८३१’ चाचणीत हर-२ रंगवून पाहण्याच्या तपासणीचे स्थानिक आणि मध्यवर्ती निकाल ७४ टक्केच जुळले.

१०४ चे १८ टक्के म्हणजे जवळपास १९ जणी. हे औषध हृदयावर परिणाम करू शकतं. बी-३१ मध्ये ते घेतलेल्यांपैकी तीन वर्षांत ४.१ टक्के स्त्रियांना हृदयाचा गंभीर त्रास झाला, न घेतलेल्यांत हे प्रमाण ०.८ टक्के होतं. ज्या गाठीत औषधाचं लक्ष्यच नाही, तिच्यासाठी एवढी जोखीम कुणी का घ्यावी? चुकीचा अहवाल शेवटी एका बाईच्या शरीरावर जाऊन पडतो. नियम मग बदलले आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा निकाल आवश्यक झाला. २००५ मध्ये दोन्ही चाचण्यांचं एकत्र विश्लेषण आलं. त्यातल्या ३,३५१ स्त्रियांत औषधाने रोग उलटण्याचं प्रमाण निम्म्यावर आणलं होतं, मृत्यू एक तृतीयांशाने घटले होते.

पण गोंधळ एवढ्यावर मिटला नाही. मध्यवर्ती तपासणीत निगेटिव्ह ठरलेल्या स्त्रियांनाही औषधाचा फायदा झाल्यासारखं दिसलं. मग हर-२ कमी असलेल्यांनाही ते द्यायचं का? ‘बी-४७’ ही वेगळी चाचणी त्यासाठी करावी लागली. ३,२७० स्त्रियांनी त्यात भाग घेतला. पाच वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्यांचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत ८९.८ टक्के, न घेणाऱ्यांत ८९.२. म्हणजे फरक नाही. हे उत्तर २०२० मध्ये छापून आलं. पहिल्या वेळी मोजमाप डळमळलं, त्यातून उठलेला प्रश्न निकालात निघायला अठरा वर्षं गेली.

निकाल इतके वेगळे का येतात? गाठीच्या पातळ कापावर हर-२ ला चिकटणाऱ्या अँटिबॉडीने रंग चढवतात आणि काचेवरचा हा रंग किती गडद, यावर ० ते ३ असे गुण दिले जातात. तो रंग अँटिबॉडीवर अवलंबून, यंत्रावर अवलंबून, आणि रोज किती गाठी बघितल्या जातात त्या सवयीवरही अवलंबून. महिन्याला चार गाठी बघणारा डोळा आणि शंभर बघणारा डोळा यांत अंतर पडणारच. सामायिक प्रयोगशाळेने यंत्राचा खर्च वाचतो हे खरं, पण माझ्या मते तिचा मोठा फायदा म्हणजे सगळ्या गाठी एकाच फूटपट्टीने मोजल्या जातात.

ही कल्पना टोकाला नेणारं तंत्र १९९८ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी मांडलं. गाठीचा तुकडा मेणात बसवून केलेल्या प्रत्येक ब्लॉकमधून ०.६ मिलिमीटर व्यासाचा बारीक दंडगोल काढायचा आणि असे हजारपर्यंत दंडगोल एकाच नव्या ब्लॉकमध्ये ओळीने रोवायचे. याला टिश्यू मायक्रोॲरे म्हणतात. मग एका काचेवर हजार रुग्ण, एकच अँटिबॉडी, रंगाची एकच वेळ. एवढासा तुकडा पूर्ण गाठीबद्दल सांगू शकेल का, ही शंका रास्त होती: काचेवरचा दंडगोलाचा ठिपका जेमतेम ०.२८ चौरस मिलिमीटरचा, तर गाठीचा १५ मिलिमीटर लांबरुंद पूर्ण काप त्याच्या सुमारे ८०० पट. पण २००० साली स्तनाच्या गाठींवर झालेल्या अभ्यासात प्रत्येकी दोन ठिपके घेतले, तर ९५ टक्क्यांहून अधिक गाठींत निकाल पूर्ण कापाशी जुळला.

आपल्याकडे ब्लॉक-स्लाइडची पिशवी छातीशी धरून परळच्या टाटा हॉस्पिटलात आलेले नातेवाईक कुणी पाहिले नसतील? तिथे तपासणी पुन्हा होते. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिड या कर्करोग केंद्रांच्या जाळ्यात आता ३०० हून अधिक केंद्रं आहेत.

मात्र परळला पोचलेला ब्लॉक पुन्हा रंगवता येतो, पुन्हा मुरवता येत नाही. स्तनाची गाठ काढल्यापासून तासाभरात, ती टिकवून धरणाऱ्या फॉर्मॅलिनमध्ये पडावी आणि ६ ते ७२ तास मुरावी, असं तज्ज्ञांचे नियम सांगतात. फॉर्मॅलिन आत झिरपतं तासाला जेमतेम मिलिमीटरभर, म्हणून मोठी गाठ आधी ५ ते १० मिलिमीटरच्या अंतराने चिरावी लागते. दूरच्या तालुक्यात रात्री अखंडच बरणीत टाकलेल्या गाठीचा गाभा सकाळपर्यंत बिघडलेला असतो, आणि मुंबईतलं कुठलंही यंत्र तो परत आणू शकत नाही. बरणीवर रुग्णाच्या नावाखाली दोन वेळा लिहायला हव्यात: गाठ शरीरातून निघाली ती, आणि फॉर्मॅलिनमध्ये पडली ती.