दुसरा राऊटर लावला अन् घरभराचं नेट बसलं? हे करा

दर्यापूर, अकोटकडच्या जुन्या घरांत फायबरचा डबा समोरच्या खोलीत बसतो. मातीच्या जाड भिंतीमागं, माजघरात वायफाय पोहोचत नाही. पोट्ट्यांनी अभ्यास ओसरीतच करायचा, नाही तर मोबाईलचा डाटा जाळायचा.

मग दुसरा राऊटर येतो, वायर जोडली जाते अन् सगळंच बंद पडतं. वायफाय जोडलेलं दिसते, चालत काही नाही. बहुतेक वेळा यात कंपनीचा दोष नसतो. घरातल्या प्रत्येक मोबाईलला एक आयपी नंबर लागतो. तो कंपनीचा डबा वाटतो. त्या कामाचं नाव डीएचसीपी. नवा राऊटरही नंबर वाटू लागला की गोंधळ. एका सातबाऱ्यावर दोन तलाठी नोंदी करतील तर काय होईल, तेच.

म्हणून वायर जोडण्याआधी नव्या राऊटरची सेटिंग उघडा. 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तोच निवडा, काम सोपं. नसेल तर आधी राऊटरचा स्वतःचा नंबर बदला. कंपनीच्या डब्याचा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२५० द्या. त्या नंबरवर पुन्हा सेटिंग उघडून डीएचसीपी बंद करा. हा क्रम उलटा केला तर मोबाईल सेटिंगमधून बाहेर फेकला जाऊ शकतो. नंतर वायर लॅनमधून लॅनमध्येच. 'वॅन' रिकामं ठेवा.

वायर १०० मीटरपर्यंत चालते, पण गोठ्यापर्यंत उघड्यावरून ओढू नका, वीज कडाडली तर दोन्ही डबे जातात. आणि कंपनीच्या डब्याचं रिसेट बटण दाबू नका. आतली लाईनची सेटिंग पुसली गेली तर कंपनीचा माणूस येईपर्यंत नेट नाही.