ज्वालामुखी नाही, तरी पाणी ४६ अंश

लंडनहून एम४ महामार्गाने पश्चिमेला निघालं की बाथ येतं. तिथल्या रोमन स्नानगृहातल्या हिरवट कुंडावर थंडीत वाफ तरंगत असते, आणि पहिला प्रश्न पडतो तो हाच: ब्रिटनमध्ये जिवंत ज्वालामुखी नाही, मग हे पाणी तापवतं कोण?

उत्तर हवं असेल तर बाथच्या आधी गाडी मेंडिप टेकड्यांकडे वळवा. चेडर घळीच्या कड्यावरून छान पायवाट आहे. दम लागतो, पण चालताना एक गोष्ट लक्षात येते. पाऊस भरपूर, तरी माथ्यावर ओढे फारसे नाहीत. चुनखडीच्या भेगांमधून पाणी सरळ आत जातं. प्रिडी गावाजवळ तर अख्खा ओढाच जमिनीत गडप होतो. त्यातलं बरंचसं पाणी पायथ्याशी वूकी होलला पुन्हा बाहेर येतं, गारच. पण मेंडिपवर मुरलेल्या पावसापैकी थोडं पाणी चुनखडीच्या थरांबरोबर खोल उतरत जातं, अडीच किलोमीटरहूनही खाली. जमिनीत खाली जावं तसं दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी तापमान वाढतं. म्हणजे तापवायला लाव्हा लागत नाही, खोली पुरते. बाथखाली खडकातल्या भेगांचा रस्ता सापडला की हे पाणी दाबाने वर येतं, रोज ११ लाख लिटरहून जास्त. तुम्ही प्रिडीहून बाथला तासाभरात पोचता. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते पाण्याला हजारो वर्षं लागतात.

आपल्याकडे मुंबई-गोवा रस्त्यावरच्या तुरळ-राजवाडीच्या कुंडांबद्दलही 'खाली लाव्हा असणार' असं हमखास ऐकू येतं. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तो कधीच थंड झाला. तिथेही काम खोल भेगांचंच.

बरं, बाथच्या कुंडात उतरता का येत नाही? १९७८मध्ये या झऱ्याच्या पाण्यात पोहलेल्या एका मुलीचा मेंदूज्वराने मृत्यू झाला. कारण होतं कोमट पाण्यात वाढणारा एक अमीबा, जो नाकावाटे मेंदूपर्यंत पोचतो. त्यानंतर तिथली आंघोळ बंद झाली. पुढे स्वच्छ पाण्यासाठी नवे खोल बोअर मारले गेले, आणि २००६मध्ये थर्मी बाथ स्पा उघडला. तिथे प्रक्रिया केलेल्या त्याच पाण्यात डुंबता येतं. हा आजार अतिशय दुर्मिळ आहे, पण झाला तर बहुतेकदा जिवावर बेततो. त्यामुळे कुठल्याही नैसर्गिक गरम कुंडात, अगदी कोकणातल्याही, डोकं पाण्याखाली घालू नका आणि मुलांना बुडी मारू देऊ नका.

स्पाचं बुकिंग संध्याकाळचं घ्या. दिवसा नॅशनल ट्रस्टची 'बाथ स्कायलाइन' ही सुमारे १० किलोमीटरची वाट चालून घ्या. वरून टेकड्यांनी वेढलेली एव्हन नदीची दरी दिसते. पाय दुखलेच, तर खाली गरम पाणी आहेच.