गर्भातले ते मोजके आठवडे

पीव्हीसी मुळात कडक प्लॅस्टिक. त्याला सलाइनच्या नळीसारखं लवचीक करतात थॅलेट्स. ही रसायनं प्लॅस्टिकशी पक्की बांधलेली नसतात. तेलकट अन्नात, घरातल्या धुळीत उतरतात आणि आपल्या पोटात जातात.

मुलग्याची जननेंद्रियं घडण्याचा निर्णायक काळ गर्भारपणाच्या साधारण ८ ते १४ आठवड्यांचा. तेव्हा गर्भाच्या वृषणांतल्या लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन बनवत असतात. उंदरांमध्ये डीईएचपीसारखी थॅलेट्स नेमकं हेच काम मंदावतात. मग वृषण खाली उतरत नाहीत, मूत्रमार्गाचं तोंड भलत्या जागी उघडतं.

आणि माणसांत? अमेरिकेतल्या शॅना स्वान यांच्या पथकाने गर्भवतींच्या लघवीतले थॅलेट्सचे अंश तपासले आणि त्यांच्या मुलग्यांचं गुदद्वार ते जननेंद्रिय हे अंतर मोजलं. मुलग्यांत ते मुलींपेक्षा बरंच जास्त असतं, म्हणून पुरुष संप्रेरकांची ती खूण मानतात. २००५ साली निष्कर्ष आला: काही थॅलेट्सचे अंश जास्त, तिथे अंतर कमी. फरक मिलिमीटरांचा, पण माझ्या मते काळजी करण्याजोगा. पुरुषांच्या शुक्रजंतूंची संख्या घटत असल्याचंही बोललं जातं; त्याचं सगळं खापर मात्र प्लॅस्टिकवर फोडू नये. लठ्ठपणा आणि धूम्रपानही आहेतच.

दिवस गेल्याचं कळेपर्यंत जननेंद्रियं घडण्याचा तो निर्णायक काळ अनेकदा तोंडावर आलेला असतो. म्हणून बाळाचा विचार मनात आला, की तेव्हापासूनच गरम, तेलकट पदार्थांसाठी स्टीलचा डबा वापरा.