हार्ड डिस्क दिसत नाही, पण कोणाला?

२००९ च्या जानेवारीत सीगेटच्या ‘बॅराकुडा ७२००.११’ मालिकेतल्या हार्ड डिस्क ठिकठिकाणी अचानक बेपत्ता होऊ लागल्या. रात्री कॉम्प्युटर व्यवस्थित बंद केलेला, सकाळी चालू करावा तर डिस्क डिटेक्टच होत नाही. ती पडली नव्हती, तिला पाणी लागलं नव्हतं. आतली तबकडी शाबूत होती, डेटाही जागच्या जागी होता. दोष होता फर्मवेअरमध्ये, म्हणजे डिस्कचा कारभार चालवणाऱ्या तिच्या आतल्याच प्रोग्रॅममध्ये. डिस्क स्वतःच्या घडामोडींची एक नोंदवही ठेवते. ती वही ३२० व्या नोंदीशी आलेली असताना वीज बंद झाली, की काही डिस्कमध्ये पुढच्या वेळी फर्मवेअर सुरू होता होताच अडकून पडायचं.

कंपनीने सुधारित फर्मवेअर आणलं. काही हौशी तंत्रज्ञांनी मात्र आपला मार्ग आपणच काढला. डिस्कच्या पोटाखालच्या सर्किट बोर्डाचे स्क्रू सैल करायचे आणि बोर्ड व आतल्या यंत्रणेला जोडणाऱ्या संपर्कबिंदूंमध्ये जाड कागदाचा तुकडा सरकवायचा. मग फर्मवेअर तबकडीपर्यंत पोचत नाही आणि अडकतही नाही. बोर्डावरच्या छोट्या पिनांना वायरी जोडून दुसऱ्या कॉम्प्युटरवरून त्याला आज्ञा द्यायच्या, कागद काढायचा, मोटर फिरवायची, अडकलेली नोंद पुसायची. डिस्क पुन्हा हजर, डेटासकट!

डिस्क न दिसणं आणि डेटा जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रकरणाइतकं स्पष्ट क्वचितच कुठे दिसतं. पहिलीची दुसरी होते ती पुष्कळदा आपल्याच घाईमुळे, आणि त्यात कुणाच्या लग्नाचे फोटो जातात, कुणाचा प्रबंध जातो.

वीज मिळाल्यावर पहिल्या काही सेकंदांत डिस्क बरंच काही करते. बोर्डावरच्या चिपमधला छोटा प्रोग्रॅम जागा होतो, मोटर तबकड्यांना मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्यांचा वेग देते, मगच बाजूला उभे असलेले हेड तबकडीवर येतात. माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. हे हेड तबकडीपासून जेमतेम काही नॅनोमीटर वर तरंगतात. तबकडीच्या राखीव भागातून ते उरलेलं फर्मवेअर वाचतात आणि त्यानंतर डिस्क कॉम्प्युटरला आपलं मॉडेल, सीरियल नंबर आणि क्षमता सांगते. यातली एक पायरी चुकली तरी बाहेरून दिसतं ते एकच: डिस्क नाही.

म्हणून पहिला प्रश्न, डिस्क कोणाला दिसत नाही? बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमला, की विंडोजला? कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा आणि यादी बघा.

तिथेही नाव नसेल तर विंडोजमध्ये शोधाशोध करून उपयोग नाही. प्लग काढा, कॅबिनेट उघडा. सॅटाची डेटा केबल दोन्ही टोकांना काढून घट्ट बसवा, केबल बदला, मदरबोर्डवरचा पोर्ट बदला, एसएमपीएसमधून, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यातून, येणारी दुसरी पॉवर वायर लावून बघा. केबलच दोषी निघण्याचं प्रमाण मोठं आहे, आणि तिची किंमत डिस्कपुढे नगण्य. बऱ्याच मदरबोर्डवर एम-डॉट-टू खाचेत नवी एसएसडी बसवली की एखाद-दोन सॅटा पोर्ट आपोआप बंद होतात. हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, पण डिस्क गायब होईपर्यंत ते पान कोण उघडतं? काही नव्या मोठ्या डिस्कची तर वेगळीच तऱ्हा. सॅटाच्या पॉवर कनेक्टरमध्ये पंधरा संपर्क असतात. तिसऱ्यावर जुने एसएमपीएस ३.३ व्होल्ट देतात, आणि या डिस्क तिथल्या व्होल्टेजचा अर्थ ‘बंद राहा’ असा घेतात. डिस्क उत्तम असते, पण फिरतच नाही.

वीज दिल्यावर डिस्कला हलकेच बोट लावा. बारीक थरथर जाणवली तर मोटर चालू आहे. काहीच जाणवत नसेल आणि केबल ठीक असतील, तर संशय सर्किट बोर्डावर जातो. व्होल्टेजच्या झटक्यात बोर्डावरचा संरक्षक डायोड जळतो, तबकड्यांना काही होत नाही. तशाच मॉडेलचा बोर्ड आणून बसवला की काम झालं, ही समजूत मात्र आता जुनी झाली. प्रत्येक डिस्कच्या हेडची बारीक जुळणी तिच्याच बोर्डावरच्या चिपमध्ये साठवलेली असते, त्यामुळे ती चिपही नव्या बोर्डावर हलवावी लागते.

बायोसमध्ये नाव आहे पण ‘धिस पीसी’मध्ये नाही, असं असेल तर बरीच आशा आहे. डिस्क मॅनेजमेंट उघडा. कधी कधी फक्त ड्राइव्हचं अक्षर हरवलेलं असतं, ते दिलं की झालं. पण विंडोज ‘इनिशियलाइझ करू का?’ किंवा ‘फॉरमॅट करा’ असं विचारत असेल, तर कॅन्सल दाबा. डिस्क कोरी करकरीत असेल तर गोष्ट वेगळी. जुन्या डिस्कवर हा प्रश्न येतो तो बहुधा विभागणीचा तक्ता किंवा फाइलव्यवस्था बिघडल्यामुळे. होकार दिला की त्याच जागी नवं काही लिहिलं जातं आणि जुन्या फायलींचा माग काढणं अवघड होतं. विंडोजमधली ‘चेकडिस्क’ ही तपासणीही इथे नको. ती दुरुस्ती म्हणून डिस्कवर लिहिते, आणि मरायला टेकलेल्या डिस्कवर लिहिण्यासारखं नुकसान नाही.

सगळ्यात गंभीर लक्षण कानाला कळतं. ठरावीक अंतराने टक-टक आवाज येत असेल तर हेडला तबकडीवरच्या खुणा सापडत नाहीत, आणि ते पुन्हा पुन्हा शोधत आहेत. वीज ताबडतोब बंद करा. बिघडलेलं हेड तबकडीला घासलं तर त्यावरचा चुंबकीय थर खरवडला जातो, आणि तिथला डेटा मग कोणीही परत आणू शकत नाही. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा जुना उपाय अजून सांगितला जातो. थंड डिस्क बाहेर काढली की आत दव धरतं. झाकण उघडणं तर घरच्या हवेत नकोच. अशी डिस्क धूळरहित खोली असलेल्या प्रयोगशाळेतच द्यावी.

टक-टक नसेल, डिस्क दिसते पण वाचताना अडखळत असेल, तर फायली एकेक करून ओढत बसू नका. लिनक्सवरचा ‘डीडीरेस्क्यू’ हा मोफत प्रोग्रॅम आधी धडधाकट भाग वाचून दुसऱ्या डिस्कवर उतरवतो, खराब भाग शेवटासाठी ठेवतो आणि कुठवर आलो याची नोंद फाइलमध्ये करतो, त्यामुळे मध्येच थांबवून डिस्क थंड होऊ देता येते. फायलींचा शोध मग त्या प्रतीवर घ्यायचा. मूळ डिस्क तोवर काढून बाजूला ठेवलेली बरी.