बायपासनंतरचा पाय

बायपाससाठी पायातली नस काढली की तिथली जखम चिघळण्याचं प्रमाण उघड्या पद्धतीत शंभरात ३.१, दुर्बिणीच्या पद्धतीत १.४. अमेरिकेतल्या १६ रुग्णालयांत ११५० रुग्णांवर झालेल्या ‘रीग्रुप’ चाचणीतले हे आकडे, २०१९ सालचे. म्हणजे साधारण साठ शस्त्रक्रियांमागे एक पाय चिघळण्यापासून वाचतो. फरक किरकोळ दिसतो, पण नाशिक-मुंबईला बायपास करून धुळ्या-जळगावात परतणाऱ्याला तो तसा वाटणार नाही.

उघड्या पद्धतीत तीन बायपास करायचे, तर घोट्यापासून वर दीड-दोन फूट चीर जाते. दुर्बिणीसाठी गुडघ्याजवळ दोन-तीन सेंटिमीटरचा छेद पुरतो. आत कार्बन डायऑक्साइड सोडून नसेभोवती जागा करतात आणि पडद्यावर बघत तिचे फाटे एकेक करून जाळून तोडतात. घाईत नस ताणली गेली तर आतलं अस्तर दुखावतं आणि तिथेच गुठळी धरते.

ही भीती हवेतली नव्हती. २००९ मध्ये ३००० रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वर्ष-दीड वर्षात जोडलेली नस निकामी झाल्याचं प्रमाण दुर्बिणीच्या गटात ४६.७ टक्के निघालं, उघड्या गटात ३८. मात्र तिथे कोणाला कोणती पद्धत, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं. रीग्रुपमध्ये ते तसं ठरलं. पावणेतीन वर्षांत मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पुन्हा उपचार यांचं प्रमाण दुर्बिणीच्या गटात १३.९, उघड्या गटात १५.५ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. पण या चाचणीत शंभराहून जास्त नसा दुर्बिणीने काढलेल्यांनाच हात लावू दिला होता. माझ्या मते सगळ्यात मोलाचा आकडा हाच.

अशा उपचारांचा खर्च उचलणारी सरकारी जीवनदायी योजना धुळ्यात जुलै २०१२ ला, जळगावात नोव्हेंबर २०१३ ला आली. आता ती महात्मा फुले योजना झाली आहे आणि संरक्षण पाच लाखांचं आहे. घरी सोडल्यावरची औषधं-तपासणी मात्र दहा दिवसांची. पायाची जखम बऱ्याचदा घरी आल्यावरच लाल होते, त्यात मधुमेह असला तर भरायला वेळ लागतो. आणि जळगाव ते मुंबई रेल्वेने ४२० किलोमीटर; ड्रेसिंगसाठी कोण जाणार?

म्हणून सही करण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. नस कोण काढणार आणि आजवर त्यांनी दुर्बिणीने किती काढल्या? दुर्बिणीच्या एकदाच वापरायच्या साहित्याचा खर्च पॅकेजात धरलाय की वेगळा?